बकुळ खोलीतली चौकोनी घडी

जयवंत सकपाळ यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली लिहिलं होतं : 'खासगी गुप्तहेर. गुंतागुंतीच्या प्रकरणांचे तज्ज्ञ. चारकोप, कांदिवली व जगभर. या नजरेतून काहीही सुटत नाही.' हे कार्ड त्यांचा मेहुणा गुणाजी परब याने स्वतःच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून, वर फुकटात लॅमिनेट करून दिलं होतं. 'व जगभर' काढू या, असं त्याने सुचवूनही पाहिलं. तेव्हा जयवंतराव म्हणाले, "उद्या लंडनहून फोन आला तर काय सांगू रे? आमची हद्द दहिसर चेकनाक्याला संपते?" लंडनहून फोन अजून यायचा होता.

जयवंतरावांनी उभी नोकरी एका औषध कंपनीच्या गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासण्यात काढली. त्यामुळे समोरचा माणूस नुसता चालत आला तरी त्याच्या डब्यात काय भाजी आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. निवृत्तीनंतर त्यांनी तीन गाजलेली प्रकरणं हाताळली. पहिलं सोसायटीतल्या हरवलेल्या मांजराचं, ज्यात मांजर आपणहून परत आलं. दुसरं पेपरचोराचं, ज्यात पेपरवाला गावी गेला होता. आणि तिसरं टाकीतल्या पाण्याचं, ज्याच्याबद्दल सोसायटीत अजूनही त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही.

या तिन्ही प्रकरणांत गुणाजी त्यांचा सहायक होता. म्हणजे शिडी धरणं, बॅटरी धरणं आणि शेवटी लोकांची माफी मागणं ही कामं त्याच्याकडे असत. एरवी तो त्यांना भावोजी म्हणायचा. तपास चालू असताना मात्र 'सर' म्हणायचं, असा नियम होता. तो नियम मोडला की जयवंतराव ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्या शनिवारी सकाळी गुणाजी कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होता, तेवढ्यात फोन आला.

"गुणाजी, असशील तसा नीघ. आमच्या खोलीत माणूस शिरला होता."

"अरे देवा. ताई बरी आहे ना? काय नेलं?"

"एक गंजी."

"आणि?"

"आणि काही नाही. जाताना खोली आवरून गेला."

गुणाजीने मशीन बंद केलं. चोर आवरून जातात, हे त्याच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं. पण भावोजींच्या आवाजात असा काही आनंद होता, की दुकान उघडं ठेवून भागणार नव्हतं. त्याने शटर ओढलं आणि आपली जुनी व्हॅन काढली.

झालं होतं असं. जयवंतराव आणि वनमालाताई यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली, म्हणून त्यांच्या लेकीने, दीप्तीने, पुण्यात बसून दोघांसाठी फोर्टातल्या एका हॉटेलात दोन रात्री बुक करून टाकल्या. वनमालाताईंनी आधी पुष्कळ नाही नाही केलं. मुंबईत घर असताना मुंबईतच हॉटेलात राहायचं, ही गोष्टच त्यांना पटेना. चारकोपहून फोर्टात जायचं तेही जेवूनखाऊन आणि संध्याकाळी घरी परत, एवढंच त्यांना ठाऊक. पण दीप्तीने पैसे भरून टाकले होते आणि ते परत मिळणार नव्हते, त्यामुळे त्यांना जावंच लागलं.

हॉटेल लहान पण फार उंची होतं. जुनी दगडी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, सागवानी जिना, आणि मोजक्या दहाबारा खोल्या. खोल्यांना नंबरांऐवजी फुलांची नावं. सकपाळांच्या वाट्याला 'बकुळ' आली होती. लॉबीत एवढी शांतता होती की गुणाजीची चप्पल दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा त्यालाच लाज वाटली.

जयवंतराव एका कुंडीमागे उभे होते. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. हॉटेलात शिरताना दाराशीच ते दिसले.

"भावोजी, हे काय?"

जयवंतराव कुंडीतल्या पानांकडे बघत राहिले.

"सर," गुणाजी म्हणाला.

"आलास? हळू बोल. आणि आधी एक गोष्ट. वनमालाला यातलं अक्षर कळता कामा नये. बाईमाणूस आहे, घाबरेल. मी तिला खाली नाश्त्याला बसवून ठेवलंय. खोलीतला एसी दुरुस्त करतायत म्हणून सांगितलंय."

गुणाजीला ते जरा नवल वाटलं. लहानपणी मालवणात घरात नाग निघाला होता तेव्हा याच वनमालाताईने त्याला सुपाने बाहेर काढलं होतं. पण तपासात आपण बोलायचं नसतं, म्हणून तो जिन्याकडे वळला.

जिना चढता चढता जयवंतरावांनी हकिगत सांगितली. सकाळी लवकर ते परिसराचा अभ्यास करायला बाहेर पडले. म्हणजे फेरी मारून, वाटेत कटिंग चहा पिऊन आले. आले तेव्हा वनमाला आंघोळ करून खाली गेली होती. खोलीत पाऊल टाकलं तर खोली लख्ख. त्यांना वाटलं, वा, काय सेवा आहे. इतक्यात साफसफाईची मुलगी ट्रॉली घेऊन दारात आली आणि म्हणाली, सर, आता रूम करू का?

"म्हणजे तिने केलीच नव्हती," जयवंतराव म्हणाले. "वनमाला खाली. मी बाहेर. मग खोली कोणी आवरली, गुणाजी?"

"ताईला विचारलंत?"

"तपासाचा पहिला नियम काय? घरच्या माणसांना त्रास द्यायचा नाही. चल, घटनास्थळ बघ."

घटनास्थळ बघून गुणाजीलाही कबूल करावं लागलं, की काम स्वच्छ होतं. पलंगावरची चादर ताणून बसवलेली. उशा एकावर एक. चहाचे कप धुऊन उपडे घातलेले. भावोजींच्या चपला भिंतीशी जोडीने. बाथरूमची फरशी कोरडी ठाक, आणि त्यात नळापासून दाराच्या खुंटीपर्यंत बांधलेली नायलॉनची दोरी.

"ही दोरी बघितलीस?" जयवंतराव कुजबुजले. "बाहेरून खिडकीतून चढायला आणलेली. उतरताना घाईत विसरला."

"पण सर, ही खिडकीला नाही बांधलेली. नळापासून दाराच्या खुंटीला आहे. यावरून माणूस फक्त नळापासून दारापर्यंत जाईल."

"सराव करत असेल."

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं. कप तपासले, टेबल तपासलं, आरसा तपासला. कुठे बोटाचा ठसा नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"सगळं पुसलंय. एक ठसा मागे नाही. हा भुरटा नाही, गुणाजी. हा आंतरराष्ट्रीय माणूस आहे. माझं कार्ड खालच्या काउंटरवर दिलं, त्यातूनच माझा पत्ता लागला त्याला."

"आणि आंतरराष्ट्रीय माणसाने तुमची गंजी नेली?"

"तिच्यावर माझा घाम आहे. आजकाल घामावरून माणसाचं सगळं काढतात."

गुणाजीने ती गंजी अनेकदा दोरीवर पाहिली होती. तिला डाव्या बगलेत भोक होतं आणि उजवी बगल जवळजवळ नव्हतीच. तिच्यावरून माणसाचं फार काही काढता येईल असं त्याला वाटेना.

"खोली नीट शोधलीत, सर?"

"इंच न् इंच. फक्त पडद्यामागे नाही बघितलं. तिथे प्रत्येक नवशिका बघतो."

तेवढ्यात त्यांची नजर पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि ते एकदम खाली बसले. हॉटेलची जाड पांढरी रजई तिथे घडी करून ठेवली होती. चारी टोकं जुळवून, नेमकी चौकोनी.

"चार कोपरे," ते म्हणाले. "चार कोपरे, गुणाजी. चार. कोप. चारकोप. तो मला सांगतोय, तू कुठून आलास ते मला माहीत आहे."

गुणाजी त्या घडीकडे बघत राहिला. ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. पण कुठे, ते त्याला आठवेना, आणि भावोजी पाठीमागून धापा टाकत असल्यामुळे विचारही करता येईना.

दारावर टकटक झाली. मॅनेजर देवव्रत आत आला. तरणा मुलगा, कडक इस्त्रीचा कोट, आणि प्रत्येक वाक्याला सॉरी. त्याच्यामागे साफसफाईची मुलगी उभी होती. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती : चेतना.

"सॉरी सर, तुमच्या तक्रारीची आम्ही पूर्ण दखल घेतली आहे," देवव्रत म्हणाला. "दार फोडलेलं नाही. बकुळचं दार उघडायचं कार्ड तुमच्याकडे आणि हाउसकीपिंगमध्ये चेतनाकडे. म्हणजे एकतर चेतना पाहुणे बाहेर असल्याचं बघून न विचारता आत आली, नाहीतर तिने कार्ड दुसऱ्या कुणाला दिलं. आणि वर तुमचं एक वस्त्र गेलं आहे."

"मी आत आलेच नाही, सर," चेतना म्हणाली. "मी आले तेव्हा हे सर दारात होते. मी विचारलं त्यांना. आत सगळं आधीच झालं होतं. आमच्याकडे रजईची अशी घडी घालतच नाहीत, बघा ना तुम्ही."

"बघितलं," जयवंतराव गंभीरपणे म्हणाले. "घडीचा अर्थ मला लागलाय."

"सॉरी चेतना, पण आज मॅडम येणार आहेत," देवव्रत म्हणाला. मग गुणाजीकडे वळून त्याने समजावलं, "आमच्या मालकीणबाई. चेतनाचे सहा महिने आज पूर्ण होतात. संध्याकाळी तिला कायम करायचं होतं. आता पाहुण्यांची लेखी तक्रार असताना मी तिची शिफारस कशी करू?"

गुणाजीने चमकून भावोजींकडे पाहिलं. "लेखी दिलीत?"

"तीन पानी," जयवंतराव म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजातली हवा थोडी गेली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर आंतरराष्ट्रीय टोळी होती. घाटकोपरहून पहाटे निघून इथे येणारी एक मुलगी त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती.

"सर, माझ्यावर घर चालतं," चेतना त्यांना म्हणाली. "तुम्ही एवढं शोधताय, तर खरं काय ते शोधून काढा. संध्याकाळच्या आत."

ती मुलगी ट्रॉली ढकलत निघून गेली, देवव्रत दोनदा सॉरी म्हणून तिच्यामागे गेला.

मग मात्र जयवंतरावांनी खरोखर डोकं लावलं, आणि त्याने प्रकरण आणखीच बिघडलं. त्यांनी शेजारच्या 'मोगरा' खोलीतल्या एका परदेशी म्हातारीचा पाठलाग केला, कारण तिच्या हातात इस्त्रीचे कपडे होते. तिने त्यांना बॅग उचलायला दिली आणि वर टीप दिली. लिफ्टमनला त्यांनी आडून आडून विचारलं, की इमारत जुनी आहे, इथे कधी काही दिसतं का.

"भूत म्हणायचंय का, सर?" गुणाजीने विचारलं.

"इंग्रजांच्या काळातली इमारत आहे. एखादा साहेब असेल."

"साहेबाचं भूत कप विसळेल?"

जयवंतरावांनी क्षणभर विचार केला. "नाही," ते म्हणाले. "साहेब नाही विसळणार." आणि त्यांनी भुताला संशयितांतून काढून टाकलं.

दुपार होत आली. गुणाजीला भूक लागली होती आणि मनात ती चेतना होती. ताईला निदान तोंड तरी दाखवावं, म्हणून तो खालच्या रेस्टॉरंटमध्ये गेला.

वनमालाताई खिडकीशी एका टेबलावर बसल्या होत्या. ठेवणीतली हिरवी साडी, मांडीवर पर्स. रेंगाळत चाललेला नाश्ता नुकता आटोपला होता. गुणाजी दारातच थांबला, कारण ताई काय करतेय ते त्याला दिसलं. त्यांनी खाल्लेल्या बश्या एकावर एक रचल्या होत्या. उरलेला पावाचा तुकडा, अंड्याचं टरफल, कागदी नॅपकिन, सगळं वरच्या बशीत गोळा केलं होतं. चमचे एका बाजूला जोडीने. आणि आता त्या स्वतःचा रुमाल ग्लासातल्या पाण्यात बुडवून टेबल पुसत होत्या. वेटर हात जोडून म्हणत होता, मॅडम, राहू द्या. आणि त्या म्हणत होत्या, असू दे रे, तुला किती टेबलं.

पुसून झाल्यावर त्यांनी आपली शाल घेतली, चारी टोकं जुळवली, आणि मांडीवर ठेवली. नेमकी चौकोनी.

गुणाजीच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. मालवणच्या घरी सकाळी उठलं की गोधड्यांचा असाच ठोकळा कोपऱ्यात दिसायचा. तो तरातरा टेबलापाशी गेला.

"ताई, सकाळी वरची खोली कोणी आवरली गो?"

"कोणी म्हणजे? मियाच," वनमालाताई म्हणाल्या. "आणि कोण आवरतला? तुझे भावोजी?"

"आणि बाथरूमातली दोरी?"

"कपडे वाळत घालूक नकोत? घरातून आणलंय ती."

"आणि गंजी?"

"खंयची? ती फाटकी?" वनमालाताईंनी हात झटकला. "एवढा मोठा हॉटेल आणि बाथरूमात एक वायपर नाय. मग कशाने पुसू? धुऊन पडद्यामागे वाळत घातलंय. पण झाला काय? एसी झालो?"

गुणाजीने खुर्ची ओढली, बसला आणि झालेलं सगळं त्यांना सांगितलं. आंतरराष्ट्रीय टोळी ऐकताना त्यांना हसू आलं. चारकोप ऐकताना त्यांनी कपाळाला हात लावला. चेतनाचं ऐकलं, आणि त्या उठल्याच.

काउंटरपाशी देवव्रत होता, चेतना होती, आणि जयवंतराव लिफ्टमनच्या जबानीची टिपणं वाचून दाखवत होते. वनमालाताई सरळ चेतनासमोर उभ्या राहिल्या.

"बाळा, खोली मी आवरली," त्या म्हणाल्या. "माझा काय तो अपराध. कुणाच्या तरी लेकीने आमचं अंथरूण का म्हणून उचलायचं, वापरलेली बाथरूम का म्हणून बघायची? आणि पसारा बघून तू मनात काय म्हणशील? म्हणून मी आधीच करून ठेवलं. तुझे तेवढे हात वाचतील असं वाटलं."

चेतना म्हणाली, "काकी, हात वाचले असते, नोकरी गेली असती."

वनमालाताईंना ते लागलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. देवव्रतने सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि कुणाला म्हणायचं ते न कळून मिटलं.

"ती तीन पानं द्या इकडे," वनमालाताई त्याला म्हणाल्या. त्यांनी तक्रार घेतली, तिचीही चार टोकं जुळवून घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "आणि तुमच्या मॅडम आल्या की मला बोलवा. ही मुलगी किती चांगली आहे ते मी सांगते. पाहुण्यांनी सांगितलं तर चालतं ना?"

"चालतं, मॅडम. सॉरी, मॅडम," देवव्रत म्हणाला.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. जयवंतराव काळा चष्मा पुसत होते.

"अहो, सकाळपासून एवढे शोधताय. मला एकदा विचारलंत का?"

"तू घाबरशील म्हणून."

"बरं, ते जाऊ दे. तीस वर्षं घरी अंथरूण कोण काढतं? कप कोण विसळतं? तुमच्या चपला जोडीने कोण लावतं?"

जयवंतराव विचारात पडले. प्रश्न त्यांना खरोखरच नवीन होता.

"घर," ते सावकाश म्हणाले, "आवरलेलंच असतं."

चेतनाने हसू लपवायला तोंड फिरवलं. वनमालाताई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चला, ऊन उतरलं की समुद्र बघायला जाऊ. त्यासाठी आलोत ना."

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. वनमालाताई त्यांच्याशी काय बोलायचं ते बोलल्या, आणि चेतना कायम झाली.

रविवारी सकाळी गुणाजी त्यांना न्यायला व्हॅन घेऊन आला. बकुळचं दार उघडं होतं. रजई अर्धी पलंगावर, अर्धी खाली. कप तसेच. वनमालाताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

"काय झालं, ताई?"

"चेतनाने सांगितलंय, आज काही करायचं नाही. बसलंय तशीच."

मग चेतना आली. तिने नवी चादर झटकली तशा वनमालाताई उठल्याच. "नुसतं टोक धरते गं," त्या म्हणाल्या. चेतनाने दाराबाहेर बघून घेतलं आणि एक टोक त्यांना दिलं.

परतीच्या वाटेवर वनमालाताई मागच्या सीटवर झोपून गेल्या. सांताक्रूझ येईपर्यंत जयवंतराव खिडकीतून बाहेर बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "गुणाजी, घरी माझा टॉवेल रोज दांडीवर वाळत असतो. मी तर तो पलंगावर टाकतो."

"केस मोठी आहे, सर."

"भावोजी म्हण," जयवंतराव म्हणाले.

सोमवारी सकाळी गुणाजी चहाला चारकोपला गेला. जयवंतराव अभ्यासाला, म्हणजे फेरीला, बाहेर पडले होते. त्याआधी त्यांनी एक निरोप ठेवला होता : नवी कार्डं छापताना 'काहीही सुटत नाही' यात 'बाहेरचं' हा शब्द घालावा.

आतल्या खोलीच्या दारात वनमालाताई हातात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. पलंगावर गोधडीची घडी होती. एक टोक बाहेर लोंबत होतं, दुसरं आत दुमडलं गेलं होतं, आणि मधे भलामोठा फुगवटा होता. बाजूला जयवंतरावांच्या घरातल्या चपला होत्या, दोन्ही डाव्या-उजव्या चुकवून, पण जोडीने.

"अरे बापरे," गुणाजी म्हणाला. "थांब, नीट करतंय."

"खबरदार हात लावलंस तर," वनमालाताई म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे हात दोनदा पुढे गेले होते, ते कप उगाच नव्हते धरले. "पुरावो आसा तो."

मग त्यांनी पदराने डोळे पुसले, हसल्या, आणि दार हलकेच ओढून घेतलं. ती घडी रात्री अंथरायची वेळ होईपर्यंत तशीच पलंगावर होती.